वारसा टिकतो पावतीबुकावर

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या कपाटातल्या तलवारी, जुनी नाणी, फुटकी मडकी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. फार तर दारातल्या खुर्चीवर डुलकी घेणारा रखवालदार! पण ती काच कोणाच्या पैशानं बसली, कपाटाची किल्ली कोणाकडं असते, विजेचं बिल कोण भरतं, हे आपल्या मनातही येत नाही. मैत्रिणींनो, आज मला संग्रहालयाच्या या मागच्या खोलीबद्दल सांगायचंय. तेही एका वेगळ्याच वारशाच्या निमित्तानं... ज्यू समाजाच्या.

तुम्ही म्हणाल, कुठं बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळघाट आणि कुठं ज्यू लोक! आमच्या गावात हा शब्द येतो तो पेपरातल्या युद्धाच्या बातमीपुरताच. पण आमच्या गल्लीतल्या एका बीकॉम झालेल्या मुलीला मुंबईच्या एका संस्थेत काम मिळायची वेळ आली. जुन्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या वस्तू, कागदपत्रं सांभाळणारी ही संस्था. तिथं कार्यालय बघायचं आणि निधी जमवायचा. घरात दोन प्रश्न उभे राहिले. वडील म्हणाले, “नोकरी कर, पण लोकायला पैसे मागायचे? आपल्या घरात कोनी हात पसरला नाही.” आजीनं पुढं जोडलं, “अन् ते बी दुसऱ्याच्या देवळासाठी?”

दोन्ही प्रश्न वरवरचे नाहीत. म्हणून एकेकाचं उत्तर शोधू या.

दुसऱ्याचं देऊळ?

आधी आजीचा प्रश्न. महाराष्ट्रातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, हे काही काल-परवा आलेले पाहुणे नव्हेत. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणात राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. गावावरून आडनावं पडली... पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठी. लग्नाआधी मेंदी. नवस फेडायचा तर पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घालून केलेला ‘मलिदा’. त्यांच्या धर्मकथांची मराठीत कीर्तनंसुद्धा व्हायची!

मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीद म्हणत आणि त्यावरूनच मशीद बंदर हे नाव पडलं, असं सांगतात. पुण्यात १८६७ साली बांधलेलं सिनेगॉग लाल विटांचं, म्हणून त्याचं नाव ‘लाल देऊळ’. बघा, एकाच धर्माची दोन प्रार्थनास्थळं. लोकांनी एकाला मशीद म्हटलं, दुसऱ्याला देऊळ. ज्याला जो शब्द जवळचा, तो त्यानं दिला. मग हे दुसऱ्याचं कसं?

बायकांचं म्हणाल तर डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख झाल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रिबेका रूबेन यांनी मुंबईतली ज्यू समाजाची शाळा मुख्याध्यापिका म्हणून कितीतरी वर्षं चालवली. प्रशासन हे बाईचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांना ही नावं सांगावीत.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि घरंच्या घरं तिकडं गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस-पंचवीस हजार ज्यू होते, आज काही हजार उरलेत. अलिबागला अजून ‘इस्राएल आळी’ आहे, सिनेगॉग आहे, पण घरं मोजकी. आता प्रश्न असा येतो की, माणसं गेली तर मागं राहिलेल्या दिव्यांचं, पोथ्यांचं, लग्नाच्या करारनाम्यांचं, थडग्यांवरच्या मराठी अक्षरांचं काय? ती कोणीतरी सांभाळायला हवीत. आणि ते कोणीतरी त्याच समाजातलं असेल असं नाही. केरळात चेंदमंगलम आणि पारावूर इथली सिनेगॉग आता संग्रहालयं झाली आहेत. ती सरकारच्या मुझिरिस वारसा प्रकल्पात येतात. भक्त गेले, राखणदार दुसरे आले. यात काही कमीपणा आहे का?

मागच्या खोलीत काय चालतं?

आमच्या गल्लीतली ती मुलगी अखेर रुजू झाली. सुट्टीत आली की मी तिला खोदून खोदून विचारते. कारण गेली कितीतरी वर्षं मी इथं बचत गटाची वही लिहिते आणि तिचं काम मला फार ओळखीचं वाटतं.

पहिली असते ती वस्तूंची नोंदवही. आलेल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर. कोणी दिली, कधी दिली, कायमची दिली की उसनी, कुठं टवका उडालाय, कोणत्या कपाटात ठेवली... सगळं लिहायचं. देणाऱ्याची सही घ्यायची. ही सही नसली तर वीस वर्षांनी नातवंडं येऊन म्हणतात, “आजीची समई परत द्या!” वस्तू दुसऱ्या संग्रहालयात प्रदर्शनाला जायची असेल तर करारपत्र, विमा, फोटो आणि परत आल्यावर पुन्हा तपासणी. २०२३ साली न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये ससून घराण्यावर मोठं प्रदर्शन भरलं होतं. बगदाद, मुंबई, शांघाय, लंडन असा त्या घराण्याचा प्रवास त्यात मांडला होता. बघणाऱ्याला दिसतं चित्र आणि चांदी. पण अशा एकेका वस्तूमागं एकेक फाईल असते आणि ती कोणीतरी नीट लावलेली असते.

ज्यू वारशाच्या कामात काही रिवाजही शिकावे लागतात. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. तो शनिवारी रात्रीपर्यंत. कट्टर पाळणारे त्या वेळात पैशाला हात लावत नाहीत. म्हणून शनिवारी कार्यक्रम ठेवायचा नाही, देणगी मागायला फोन करायचा नाही. तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची चामड्यावर लिहिलेली गुंडाळी उघड्या हातानं धरायची नाही. देवाचं नाव असलेला फाटका कागदसुद्धा कचऱ्यात टाकायचा नाही, तो वेगळा ठेवतात आणि पुढं माणसासारखा पुरतात. कार्यालयातल्या मुलीला हे माहीत नसलं तर रद्दीच्या दिवशी अनर्थ व्हायचा!

हात पसरणं नव्हे, हिशेब देणं

आता वडिलांचा प्रश्न. पैसे मागायचे कसे?

लोकांकडून पैसा जमवून संग्रहालय उभारायची रीत आपल्याकडं जुनी आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं, त्याची सुरुवात लोकवर्गणीनंच झाली. नाना शंकरशेट, भाऊ दाजी यांच्यासारखी माणसं त्यात होती. अमेरिकेतल्या युद्धामुळं कापसाचा भाव चढला होता, मुंबईत पैसा वाहत होता. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, वर्गणीही आटली. पुढं सरकारी पैशातून इमारत पुरी झाली. आपल्या वऱ्हाडाला कापसाच्या भावाचं वेगळं काय सांगायचं? १८७० साली खामगावला रेल्वे आली ती कापसासाठीच. देणगी ही पिकावर अवलंबून असते, हा धडा तेव्हापासूनचा.

त्याच मुंबईत डेव्हिड ससून यांनी ग्रंथालयासाठी ६० हजार रुपये दिले. पुण्याचं ससून हॉस्पिटल तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फोर्टातलं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग ससून घराण्यानंच १८८४ साली बांधलं. पण पुढं तेच सिनेगॉग झिजलं, गळायला लागलं. ते २०१९ साली दुरुस्त होऊन पुन्हा उभं राहिलं. पैसा दिला जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडासारख्या संस्थांनी, काम केलं वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी. त्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे एके काळी सगळ्यांना देणारं घराणं, आणि त्यांच्याच मंदिरासाठी दीडशे वर्षांनी दुसऱ्यांकडं मागायची वेळ. मागणारा आणि देणारा यांच्या जागा अशा बदलत असतात. यात लाज कसली?

आज हे मागणं कायद्याच्या चौकटीत बसलेलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि वारसा जतन त्या यादीत आहे. कंपनीकडं जायचं तर अंदाजपत्रक, कामाचे टप्पे, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, सगळं तयार हवं. परदेशातली देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. २०२० पासून ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरते. बेने इस्राएलांची लेकरं-नातवंडं इस्राएलला, अमेरिकेला आहेत, त्यामुळं हे नियम पाठ असावेच लागतात. पैसे आले की पावती, आभाराचं पत्र आणि वर्षाअखेरीला ‘तुमच्या पैशातून हे झालं’ असा अहवाल. शेगावला देणगी दिली की पावती हातात पडते आणि आपलं मन निर्धास्त होतं, ते का? हिशेब चोख असतो म्हणून.

सगळ्यात अवघड काय, ते त्या मुलीनं सांगितलं. लोक कळसाला पैसे देतात, मोरीला देत नाहीत! संगमरवरी पाटीवर नाव येणार असेल तर देणारे पुढं येतात. वाळवीचं औषध, वीजबिल, रखवालदाराचा पगार यासाठी कोणी चेक फाडत नाही. वस्तू मात्र वाळवीच खाते. म्हणून हुशार बाई मागतानाच मोठ्या कामात या रोजच्या खर्चाचा वाटा धरते आणि तो लपवत नाही, उघड लिहिते.

आणखी एक गोष्ट. कोणाचा पैसा घ्यायचा? ससून घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही व्यापार होता, तीच अफू चीनला जायची. हे आजची प्रदर्शनं झाकत नाहीत. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं सॅकलर कुटुंबाच्या नव्या देणग्या नाकारल्या. त्यांच्या कंपनीच्या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत व्यसनाचा कहर केला होता. ‘नको’ म्हणता येणं हेही निधी जमवणाऱ्याचंच काम असतं.

गुलाबी चित्र नको

हे सगळं छान असलं तरी खरं बोलायला हवं. अशा नोकऱ्या मोजक्या आहेत आणि बऱ्याचशा कंत्राटी. आमच्या गल्लीतल्या मुलीचा करार अकरा महिन्यांचा असतो. पगार देणगीतूनच निघतो, म्हणजे निधी आटला की आधी तिचीच खुर्ची हलणार. मुंबईतलं राहणं महाग. तरी ती टिकून आहे. कारण तिच्या हातात पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं आणि परक्या माणसाशी न बिचकता बोलणं, ही तीन कौशल्यं पक्की झाली आहेत. ती उद्या दवाखान्याच्या ट्रस्टमध्ये चालतील, शाळेत चालतील.

शिक्षण काय लागतं? कार्यालयाच्या आणि निधीच्या कामाला बीकॉम किंवा समाजकार्याची पदवी, संगणकावरचा हिशेब आणि बऱ्यापैकी इंग्रजी. वस्तू हाताळायची आवड असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका आहे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तर त्याचा स्वतंत्र विभागच आहे.

आणि सरावासाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे. गावोगावी वाचनालयं आहेत, दर्गे आहेत, पडके वाडे आहेत. त्यातल्या एका जागेची साधी वही करून बघा. काय आहे, कुठं आहे, कोणी दिलं, काय मोडलंय. गणपतीची नाही तर उरुसाची वर्गणी तुमच्या हातात आली, तर दर दहा रुपयांची पावती फाडा आणि शेवटच्या दिवशी जमाखर्च भिंतीवर लावा. बघा, पुढच्या वर्षी न मागता पैसे येतात की नाही!

बचत गटात दर महिन्याला आपण हेच करतो. त्याला कोणी करिअर म्हणत नाही, एवढंच. आता म्हणायला लागू या.