हिरवळीवरील खेळ आणि आमच्या मुली

विद्येनें मुलगी बिघडते, असें आतां कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं; परंतु वयांत आलेल्या मुलीनें मैदानावर धांवावें, हें अजून पुष्कळांस रुचत नाहीं. अशा गृहस्थांपुढें आम्ही महाराष्ट्रांतीलच एका घराण्याचें उदाहरण ठेवूं इच्छितों.

तुकोबांची गाथा संशोधून छापणारे शंकर पांडुरंग पंडित यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्या कन्या पंडिता क्षमाबाई राव (१८९०–१९५४) यांनीं संस्कृतांत ‘सत्याग्रहगीता’ रचिली, तुकोबांचें चरित्रही त्याच भाषेंत गाइलें. आणि याच विदुषी टेनिसही खेळत. त्यांच्या मुंबईंत वाढलेल्या कन्या लीला राव यांनीं आईच्या दोन्ही विद्या उचलिल्या. एकीकडे संस्कृत नाटकें लिहिलीं. दुसरीकडे १९३१ सालीं टेनिसचें अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविलें. पुढें १९३४ मध्यें इंग्लंडांतील विंबल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान त्यांस लाभला. खेळानें विद्या गेली नाहीं, कीं विद्येनें खेळ गेला नाहीं.

कोणी म्हणेल, हीं श्रीमंतांचीं कौतुकें! आक्षेप खरा आहे, आणि आमचें म्हणणेंही तेंच आहे. हिरवळीचें मैदान म्हणजे रोज पाणी, वारंवार कापणी, वर रूळ फिरविणें. तें जिमखान्यांसच परवडे, आणि जिमखान्याचें दार थोड्यांनाच उघडे. परिणाम काय झाला? १९६८ पासून मोठ्या स्पर्धा हौशी व व्यावसायिक अशा सर्वांस खुल्या झाल्या. तरी जगांतील चार प्रमुख स्पर्धांपैकीं एकींत एकेरीचा सामना जिंकणारी भारतीय स्त्री दिसण्यास १९९८ साल उजाडलें. त्या निरुपमा वैद्यनाथन. मधल्या काळांत गुणी मुली जन्मल्याच नाहींत, असें कोण म्हणेल? जन्मल्या, त्यांस मैदान मिळालें नाहीं, इतकेंच.

टेंभू योजनेचें पाणी येईपर्यंत ज्या भागानें दुष्काळच सोसला, त्या कडेगांवांत हिरवळ राखा असें सांगणें ही थट्टा होईल. आम्ही तें सांगत नाहीं. टेनिसच्या एकेरीस ७८ फूट लांब व २७ फूट रुंद आंखलेली जागा, भोंवतीं थोडी मोकळीक आणि एक जाळें पुरतें. चोपलेली मातीही चालते. टेनिस नको तर खोखो असो. जत्रेच्या कुस्त्यांस आमचे व्यापारी मोकळ्या हातानें इनाम देतात. त्यांतील थोडा अंश मुलींच्या खेळास द्यावा, आणि शाळांच्या चालकांनीं सायंकाळचा एक तास मैदान केवळ मुलींसाठीं राखावें, एवढीच आमची मागणी आहे.

क्षमाबाईंनीं मुलीस पोथीही दिली आणि रॅकेटही दिली. आपण पोथी दिली आहे. दुसरा हात अजून मागेंच कां?