ऑनलाइन चित्र विकताय? आधी पार्सल मोजा, मग भाव सांगा

वाणगाव : डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोचली. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता व्हॉट्सॲपवर फोटो टाकून पुण्या-बंगळुरूच्या ग्राहकाला थेट चित्र विकता येतं. मधला व्यापारी जातो, पण त्याची दोन कामं चित्रकाराच्या अंगावर येतात : बिल करणं आणि माल पोचवणं. ‘कुरिअरचं नंतर बघू’ म्हणून भाव ठरवला, तर घाटा तिथेच होतो.

वजन काट्यावरचं नाही, खोक्याचं

कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोका किती जागा अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

समजा, फ्रेमचं चित्र २ किलोचं आहे. खोका ६० बाय ४५ बाय १० सेंमी. हिशेब येतो ५.४ किलो. म्हणजे पैसे दुपटीहून जास्त वजनाचे. तेच कापडावरचं चित्र फ्रेमशिवाय गुंडाळून ५० बाय १० बाय १० च्या खोक्यात घातलं, तर १ किलो. म्हणून फ्रेम हवी की नको, हे ग्राहकाला आधीच विचारा. स्पीड पोस्टचा दर पिन कोड टाकून टपाल खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. कुरिअरच्या दराशी ताडून बघा.

‘फ्री डिलिव्हरी’ फुकट नसते

उदाहरण घ्या. चित्र २,००० रुपये, पॅकिंग ८०, कुरिअर २५०. एकूण २,३३०. ‘पोचवून देतो’ म्हणून २,००० च घेतले, तर हातात उरतात १,६७०. रंग, कापड आणि चार दिवसांची मेहनत त्यातच. फ्री डिलिव्हरी म्हणायचंच असेल, तर चित्राचा भाव २,३३० लावा.

पार्सल दारात गेल्यावर पैसे घ्यायचे असतील आणि ग्राहकाने ते परत पाठवलं, तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं बहुतेक वेळा विकणाऱ्यावर पडतं. नवीन ग्राहकाकडून निदान पॅकिंग-कुरिअरचे पैसे आगाऊ घ्या.

बिलावर काय लिहायचं?

- तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर
- बिल नंबर (१, २, ३ असा ओळीने) आणि तारीख
- ग्राहकाचं नाव, पूर्ण पत्ता, पिन कोड
- वस्तू, माप, नग, किंमत
- पॅकिंग-कुरिअर वेगळ्या ओळीत
- एकूण रक्कम. पैसे कसे मिळाले

साधं छापील बिलबुकही चालतं. बिल, कुरिअरची पावती आणि बंद करण्याआधीच्या पार्सलचा फोटो मोबाइलमध्ये एकत्र ठेवा. माल फुटला, हरवला तर हाच पुरावा. पावतीवरचा नंबर ग्राहकाला त्याच दिवशी पाठवा.

जीएसटीचं काय?

नोंदणी नसेल, तर बिलावर जीएसटी लावून पैसे घ्यायचे नाहीत. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल विकला, की मात्र उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. हाताने बनवलेल्या ठरावीक हस्तकला वस्तूंना यातून २० लाखांपर्यंत सूट आहे. त्यासाठी पॅन हवं, ई-वे बिलाचीही अट आहे. मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या ॲपवरून विकायचं तर नियम आणखी वेगळे. बाहेरच्या राज्यातली पहिली ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

नोंदणी असेल, तर ग्राहकाकडून घेतलेलं कुरिअरचं भाडंही विक्रीच्या रकमेत धरून त्यावर कर लावावा लागतो.

महिनाअखेरीला बिलबुक आणि कुरिअरच्या पावत्या शेजारी ठेवून बेरीज करा. घेतलेलं भाडं दिलेल्या भाड्यापेक्षा कमी निघालं, तर पुढच्या ऑर्डरला दर बदला.