अव्याघाताचा नियम

‘मी जन्मभर मौन पाळीत आलों आहें,’ असें एखादा मनुष्य स्वमुखानें सांगूं लागला, तर ऐकणाऱ्यास हसूं आल्यावांचून राहत नाहीं. हें विधान खोटें ठरविण्यासाठीं साक्षीपुरावा धुंडाळावा लागत नाहीं. बोलणाराच आपल्या बोलण्यानें आपल्या बोलण्याचा घात करितो. प्राचीन शास्त्रकारांनीं या दोषास ‘वदतो व्याघात’ असें नांव दिलें असून तें मराठींतहि रुळलें आहे. हा दोष विचारांत राहूं नये, असें सांगणारा जो नियम, तो अव्याघाताचा नियम होय. वरवर पाहतां तो इतका उघड आहे कीं, तो मुद्दाम सांगण्यांत विशेष तें काय, असें वाटावें. परंतु त्याची मौज अशी कीं, तो सिद्ध करावयास गेलें तर सिद्ध होत नाहीं, आणि सोडावयास गेलें तर सोडवत नाहीं.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) यानें ‘मेटॅफिजिक्स’ या ग्रंथाच्या चौथ्या भागांत या नियमाचा विस्तारानें विचार केला आहे. त्याच्या मतें, एकच धर्म एकाच वस्तूच्या ठिकाणीं, एकाच वेळीं व एकाच अपेक्षेनें असणें आणि नसणें शक्य नाहीं. यांतील ‘एकाच वेळीं’ व ‘एकाच अपेक्षेनें’ हीं पदें अत्यंत महत्त्वाचीं आहेत. पहाटे थंड असलेलें तळ्याचें पाणी दुपारीं कोमट होतें, यांत व्याघात नाहीं. कारण वेळ निराळी आहे. एकच मनुष्य पिताहि असतो आणि पुत्रहि असतो, यांतहि व्याघात नाहीं. कारण अपेक्षा निराळी आहे. ॲरिस्टॉटलचा गुरु प्लेटो यानें ‘रिपब्लिक’ या संवादांत भोंवऱ्याचें उदाहरण घेतलें आहे. जागच्या जागीं फिरणारा भोंवरा स्थिरहि आहे आणि हलतहि आहे, असें कोणी म्हणेल. पण आरेवर उभा असलेला त्याचा आंस स्थिर असतो आणि त्याचा घेर फिरत असतो. एका अंगास स्थिति व दुसऱ्या अंगास गति लागू पडते.

भारतीय दर्शनांमध्येंहि हाच प्रश्न मोठ्या वादाचा विषय झाला. जैनांच्या स्याद्वादांत एकाच वस्तूविषयीं ‘एका अपेक्षेनें ती आहे’ आणि ‘दुसऱ्या अपेक्षेनें ती नाहीं’ अशीं दोन्ही विधानें केलीं जातात. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायांत यावर आक्षेप घेतला कीं, एका वस्तूच्या ठिकाणीं परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळीं राहूं शकत नाहींत. जैन पक्षाचें उत्तर असें कीं, अपेक्षा भिन्न असल्यानें विरोध उत्पन्नच होत नाहीं. मातीचा घट माती या रूपानें आहे, सोनें या रूपानें नाहीं. वाद तीव्र असला, तरी त्याच्या मुळाशीं एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं धरून ठेविली आहे. ती ही कीं, अगदीं एकाच अपेक्षेनें ‘आहे’ आणि ‘नाहीं’ म्हणणें हा दोषच होय.

आतां हा नियम सिद्ध कसा करावयाचा? सिद्धता म्हणजे मान्य विधानांवरून साध्याकडे जाणें. आणि साध्य स्थापित झालें म्हणजे त्याचा निषेध बाद झाला, हें तेथें आधींच गृहीत असतें. म्हणजे ज्याची सिद्धता द्यावयाची, तेंच सिद्धतेच्या पोटांत दडलेलें असतें. प्रत्येक गोष्टीची सिद्धता मागणें हें शिक्षणाच्या अभावाचें लक्षण होय, असें ॲरिस्टॉटलचें मत आहे; कारण अशा मागणीला अंतच नाहीं. तथापि प्रतिपक्ष्याचें खंडन करण्याचा मार्ग त्यानें दाखविला आहे. नियम नाकारणाऱ्यानें एखादा शब्द निश्चित अर्थानें उच्चारावा, एवढेंच त्यास सांगावें. त्यानें ‘मनुष्य’ म्हटलें आणि त्याचा अर्थ ‘मनुष्य नव्हे’ असाहि असेल, तर त्यानें कांहींच सांगितलें नाहीं. अर्थ निश्चित असेल, तर त्यानें नियम पाळलाच. तो मुळीं बोलणारच नसेल, तर त्याच्याशीं वाद करणें म्हणजे झाडाशीं वाद करणें होय. शिवाय असा मनुष्य मेगारा नगरास जावयाचें असतां तिकडेच चालूं लागतो, घरीं बसून राहत नाहीं. आणि वाटेंत विहीर आली तर तींत न पडतां बाजूनें जातो. तोंडानें नाकारलेला नियम त्याचे पाय पाळीत असतात.

मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांच्या ‘न्यायकुसुमांजलि’ या ग्रंथांतहि याच घडणीची एक युक्ति आढळते. तेथें वाद अनुमानाविषयींचा आहे. धूर आहे तेथें अग्नि असतोच कशावरून, अशी शंका चार्वाक घेतो. उदयनाचार्यांचें उत्तर असें कीं, शंका अमर्याद चालत नाहीं. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वर्तनाशीं तिचा व्याघात झाला, कीं तेथें ती थांबते. पुढें गंगेशोपाध्यायांनीं ‘तत्त्वचिंतामणि’ या ग्रंथांत हें स्पष्ट केलें. धूर हवा म्हणून जो विस्तव शोधतो, भूक भागावी म्हणून जो जेवतो आणि दुसऱ्यास कळावें म्हणून जो बोलतो, त्यास कार्यकारणाविषयीं खरी शंका आहे, असें म्हणतां येत नाहीं. ग्रीस व मिथिला यांमध्यें देशाचें व काळाचें मोठें अंतर आहे. पण दोन्हीकडे संशयवाद्याचें आचरणच त्याच्याविरुद्ध साक्षीस उभें केलें आहे.

एखादा व्याघात चालवून घेतला तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. ‘तळें भरलें आहे’ आणि ‘तळें भरलेलें नाहीं’ हीं दोन्ही विधानें खरीं मानावीं. पहिलें खरें असल्यानें ‘तळें भरलें आहे, किंवा काशी दक्षिण ध्रुवावर आहे’ हें जोडविधानहि खरें ठरतें. कारण त्याचें एक अंग खरें आहे. पण दुसऱ्या विधानाप्रमाणें तळें भरलेलें नाहीं. मग उरलेलें अंग खरें मानलें पाहिजे, आणि काशी दक्षिण ध्रुवावर जाऊन बसते! अशा रीतीनें एका व्याघातांतून वाटेल तें निघतें. आणि जेथें वाटेल तें सिद्ध होतें, तेथें कशाच्याहि सिद्धतेस किंमत राहत नाहीं.

हें केवळ शाब्दिक कौतुक नव्हे. जर्मनींतील येना येथील गणिती गोट्लोब फ्रेगे यानें अंकगणित शुद्ध तर्काच्या पायावर उभारण्याचा संकल्प करून १८९३ मध्यें आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दुसरा खंड छापखान्यांत असतां १६ जून १९०२ रोजीं बर्ट्रांड रसेल यानें त्यास एक पत्र लिहिलें. जे वर्ग स्वतःचे घटक नाहींत, अशा सर्व वर्गांचा मिळून एक वर्ग केला, तर तो स्वतःचा घटक आहे कीं नाहीं? आहे म्हणावें तर नाहीं ठरतो, आणि नाहीं म्हणावें तर आहे ठरतो. हा व्याघात फ्रेगेच्या मूलतत्त्वांतूनच निघत होता. एवढी अडचण बाजूस ठेवून बाकीची इमारत राखूं, असें त्यास म्हणतां आलें नाहीं; १९०३ मध्यें निघालेल्या दुसऱ्या खंडास परिशिष्ट जोडून त्यानें पाया हादरल्याची कबुली दिली. पुढें १९३१ मध्यें कुर्ट गेडेल यानें दाखविलें कीं, अंकगणितास पुरेशी अशी नियमबद्ध रचना व्याघातरहित असली, तरी तिची ती व्याघातरहितता तिच्याच साधनांनीं सिद्ध होत नाहीं.

या नियमास विरोध करणारा पक्षहि आहे. ‘हें वाक्य खोटें आहे’ हें वाक्य खरें मानलें तर खोटें होतें, आणि खोटें मानलें तर खरें होतें. अशा कोड्यांचा विचार करून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्राझीलमधील न्यूटन दा कोस्ता, तसेच ग्रॅहॅम प्रीस्ट प्रभृति तर्कशास्त्रज्ञांनीं, व्याघात आला तरी त्यांतून वाटेल तें निघणार नाहीं, अशा तर्कपद्धति रचल्या. प्रीस्टच्या मतें कांहीं थोडे व्याघात खरेहि असतात. परंतु सर्वच व्याघात खरे, असें तोहि मानीत नाहीं.

पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यानें १९१० मध्यें या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ॲरिस्टॉटलच्या युक्तिवादांनीं नियम तर्कतः सिद्ध होत नाहीं, असें त्याचें मत होतें. परंतु प्रमाद व असत्य यांविरुद्ध मनुष्याच्या हातीं हेंच शस्त्र आहे, म्हणून त्याचें नैतिक मोल थोर, असा त्याचा निष्कर्ष होता. न्यायालयांत याचा प्रत्यय येतो. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यांत ११ व्या कलमाखालीं असें उदाहरण होतें: गुन्हा कलकत्त्यास घडला त्या दिवशीं आरोपी लाहोरास होता, ही गोष्ट संबद्ध होय. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमानें घेतली असली, तरी हें तत्त्व कायम आहे. आरोपी त्याच वेळीं लाहोरास होताहि आणि नव्हताहि, असें म्हणणें चालूं लागलें, तर निरपराध्यास सुटकेची वाट उरणार नाहीं, आणि लबाडास पकडण्याचीहि सोय राहणार नाहीं. दोन विरुद्ध विधानांपैकीं खरें कोणतें, हें हा नियम सांगत नाहीं. तें साक्ष, निरीक्षण व शोध यांनींच ठरवावें लागतें. दोन्ही खरीं असूं शकत नाहींत, एवढेंच तो सांगतो. परंतु एवढें मान्य असेल, तरच शोधाला अर्थ राहतो, आणि चुकणाऱ्यास आपली चूक कळण्याची वाट मोकळी राहते.