महाग वायर आणि बुवांची गौळण

आमच्या आंबवड्याच्या भजनी मंडळात थोरले बुवा आहेत. वय ८२. काकड्याच्या व गौळणींच्या काही चाली आज गावात फक्त त्यांनाच येतात. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात असे गेल्या श्रावणात मंडळाने ठरविले, वर्गणी काढली आणि "तू कॉलेजात जातोस, तूच बघ" म्हणून पैसे माझ्या हाती दिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सर्व काही कळते असा गावाचा समज आहे. तो मोडावा असे मलाही वाटले नाही, हा माझा दोष.

माइक आणला, यूएसबीवर चालणारे साउंड कार्ड आणले, मित्राचा लॅपटॉप मागून आणला. बुवांच्या पडवीत पहिल्या रात्री मुद्रण केले, तर आवाजामागे सारखी 'घूंऽऽ' अशी भुणभुण. पुण्यातल्या एका दुकानदाराने सांगितले, "वायर हलकी आहे. ही घ्या, सोन्याचा मुलामा आहे, आवाज खुलेल." मी १८०० रुपये मोजले. वर्गणीचे! भुणभुण तसूभरही कमी झाली नाही. मग मात्र मी शास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले, ग्रंथालयात बसलो, आणि जे समजले ते येथे मांडतो.

साउंड कार्ड माइकमधून आलेल्या आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते. प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. डावी-उजवी बाजू धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे मापही हेच. यूएसबीची १९९६ सालची पहिली आवृत्तीसुद्धा सेकंदाला १ कोटी २० लाख बिट नेऊ शकत होती. २००० सालची दुसरी ४८ कोटी नेते. म्हणजे आवाजाचे ओझे या वायरीला काहीच नाही.

आता मुख्य मुद्दा. वायरीतून आवाज जात नाही, आकडे जातात. सातबारा स्वस्त वायरीने छापला म्हणून गट क्रमांक बदलत नाही आणि महाग वायरीने छापला म्हणून जमीन वाढत नाही! एक फरक मात्र आहे. छपाईत एखादा गठ्ठा बिघडला तर तो पुन्हा मागविला जातो. आवाजाला थांबायला वेळ नसतो, म्हणून तो पुन्हा मागविता येत नाही. पण प्रत्येक गठ्ठ्यासोबत सीआरसी नावाचा ताळा असतो, त्यावरून चूक कळते. वायर खरोखरच खराब असेल तर 'टक्' असा आवाज येतो किंवा गाणे मध्येच तुटते. गोडवा थोडा कमी, खर्ज थोडा पातळ, असले काही होत नाही.

कोणी म्हणतात, आकडे तेच, पण ते वेळेवर पोचत नाहीत. चांगल्या साउंड कार्डात ठेका त्याच्या आतलाच क्रिस्टल धरतो. दिंडी कोणत्या वाटेने आली यावरून पखवाजाचा ठेका बदलत नाही, तसेच हे.

मग भुणभुण कोठून? त्याचे उत्तर तिसऱ्या रात्री लाइट गेली तेव्हा मिळाले. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि हेडफोनमधली भुणभुण एकदम थांबली! यूएसबीच्या वायरीत आकड्यांच्या दोन तारांखेरीज ५ व्होल्ट विजेची एक आणि ग्राउंडची एक अशा तारा असतात. पडवीतल्या प्लगला अर्थिंग नव्हते. चार्जरमधली गळती या तारांतून साउंड कार्डात शिरत होती आणि माइकच्या नाजूक सिग्नलात, म्हणजे आकडे होण्याच्या आधीच, मिसळत होती. महाग तांबे ती गळतीही तितक्याच इमानाने वाहून नेणार. अशा ठिकाणी आयसोलेटर नावाचे यंत्र उपयोगी पडते, कारण ते विजेचा हा धागाच तोडते. फेराइटचा मणी रेडिओ लहरींसारख्या वरच्या कंप्रतेचा त्रास अडवितो, ५० हर्ट्‌झची घूं नाही. सोन्याचा मुलामा गंजू देत नाही, आणि आमच्याकडच्या पावसात तेवढा गुण त्याच्या पदरी घालावा लागेल. आम्ही मात्र फुकटचा उपाय केला: चार्जर काढून ठेवला.

तरी १८०० रुपयांची मनाला रुखरुख होतीच. मी आमच्या पखवाजवाल्या काकांना हेडफोन लावून पाठमोरे बसविले. चुलतभावाने नाणे उडवून १२ वेळा कधी जुनी, कधी नवी वायर लावली. मंडळात काकांइतके तिखट कान कोणाचे नाहीत. त्यांनी ७ वेळा बरोबर ओळखले. नुसत्या अंदाजानेही सरासरी ६ बरोबर येतात. "अरे, मला तर दोन्ही सारखंच ऐकू येतं. उगाच कशाला विचारतोस?" असे म्हणून ते उठले. पैशाचे मी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकले. दिवाळीनंतर हप्त्याने फेडतो आहे.

बुवांनी बाकीच्या चाली पुन्हा म्हटल्या, त्या स्वच्छ आल्या. फक्त पहिल्या रात्री म्हटलेल्या एका गौळणीचे मधले कडवे त्यांना आता आठवत नाही. ते त्या भुणभुणणाऱ्या मुद्रणातच तेवढे आहे. संगणकावर ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले सूर कापून मी ते थोडे साफ केले, पण फार कापले की बुवांचा खर्जही जातो. म्हणून मूळ फाइल तशीच जपून ठेवली आहे, तीन ठिकाणी.