मुक्या सोबत्याचे म्हातारपण

आपली दिवाळी सुरू होते ती गोठ्यापासून. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या संध्याकाळी, सवत्स धेनूची पूजा होते आणि मग घरोघरी पणत्या लागतात. पूजेचा मान अर्थातच दुभत्या गाईचा आणि तिच्या वासराचा. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला एखादी भाकड गाय किंवा औताला निकामी झालेला बैल उभा असतो, त्याच्याकडे त्या संध्याकाळी फारसे कुणी वळून पाहत नाही. शहरातल्या घरी गाय नसते, पण पायपुसण्यावर पडून असलेला म्हातारा कुत्रा किंवा खिडकीत डोळे मिटून बसलेले मांजर पुष्कळ घरी असते. आजचा विषय आहे तो अशाच जनावरांचा. ज्यांच्याकडून आता राखण नाही, खेळ नाही, काम नाही, त्यांचे आपण काय करायचे? आणि एक दिवस ती गेली म्हणजे घरातल्या माणसांनी आपले मन कसे सावरायचे?

खेड्याची रीत

परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काळ्या मातीचा मुलूख. या मातीत औत ओढायचे म्हणजे बैलाच्या खांद्याची परीक्षाच. लाल कंधारी बैलाची ख्याती या भागात आहे ती उगाच नव्हे. तीन वर्षांचा गोऱ्हा औताला शिकवायचा, दहा-बारा वर्षे त्याच्याकडून पेरणी, कोळपणी, गाडी, सगळे करून घ्यायचे आणि मग त्याचे दात झिजले, खुरे दुखू लागली म्हणजे त्याला दावणीला स्वस्थ बांधायचे, हा जुना क्रम. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूपहळद चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि तोंडात पुरणपोळी. चांगल्या घरी हा मान म्हाताऱ्या बैलालाही चुकत नाही. तो मिरवणुकीत चालला नाही तरी त्याचा घास त्याला जागेवर पोचतो. आणि तो गेला म्हणजे शेताच्याच बांधाला खड्डा खणून त्याला माती देतात.

सगळेच शेतकरी असे वागत, असे म्हणणे खरे होणार नाही. पावसाने पाठ फिरवली आणि कडब्याची पेंढी महाग झाली, की पुष्कळांनी म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवला. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा अमलात आला, तेव्हापासून बैलही कापण्यासाठी विकता येत नाही. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला तो जन्मभर पोसणे भाग आहे आणि ट्रॅक्टरच्या दिवसांत त्याला कामही नाही. या प्रश्नाची दुसरी बाजू शहरात बसून विसरू नये. भूतदया सगळ्यांनाच आवडते, पण तिचा चारा कुणाच्या तरी खिशातून येतो.

तरीही एक गोष्ट खेड्याकडून घेण्यासारखी आहे. तिथे जनावराच्या म्हातारपणाला जागा ठरलेली होती, सण ठरलेला होता आणि मरणालाही एक रीत होती. शहरातल्या कुत्र्यामांजरांच्या वाट्याला यांतले काहीच आलेले नाही.

शहरातले घर

खेड्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी माणसे परभणी शहरात आली, वसाहतींत घरे बांधून राहिली. दावण मागे राहिली, पण जनावराची ओढ काही सुटली नाही. मुलांच्या हट्टाखातर पिल्लू आणले जाते. मुले दहावी-बारावी होऊन पुण्या-मुंबईला जातात, आणि त्यांचा कुत्रा मागे राहतो तो आईवडिलांबरोबर. निवृत्त वडिलांचे सकाळचे फिरणे त्याच्या सोबतीने होते. आईच्या दुपारच्या एकटेपणात ऐकून घेणारा तोच. अशा घरात तो म्हातारा होऊ लागला, की खरे म्हणजे एक कुटुंबीयच म्हातारा होत असतो. पण ते पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सर्वांच्या तोंडी आहे. तो बरोबर नाही. कुत्रा पहिल्या दीड-दोन वर्षांतच तरुण होतो, पुढे त्याचे वय सावकाश चढते. शिवाय जात जितकी थोराड, तितके आयुष्य कमी. लहान चणीचा कुत्रा चौदा-पंधरा वर्षे सहज काढतो, तर ग्रेट डेनसारखा अजस्र कुत्रा आठ-दहा वर्षांत थकतो. घरात राहणारे मांजर पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. साधारण सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी जनावराला डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे पुष्कळ दुखणी वेळीच हाती लागतात. परभणीकरांची या बाबतीत सोय आहे. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि त्याच्या रुग्णालयात गुराढोरांबरोबर कुत्री-मांजरेही तपासली जातात.

"वयच झाले" असे म्हणू नये

म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत सर्वांत घातक वाक्य कोणते, तर "आता वयच झाले त्याचे!" वयाच्या पडद्याआड खरा आजार लपतो. कुत्रा जिना चढायचे टाळतो तो आळसाने नव्हे, त्याचे सांधे दुखत असतात. मांजर एकाएकी फार पाणी पिऊ लागले तर मूत्रपिंडाची तपासणी करावी. पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया न केलेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, अन्न टाकून पाणीच पाणी करू लागली, तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. इथे उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तोंडाला दुर्गंधी येते ती बहुधा किडलेल्या दातांची. दात दुखतात म्हणून जनावर जेवत नाही, आणि आपण समजतो की त्याची वासना उडाली.

काही कुत्री रात्री घरभर फिरतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या दाराची चुकीची बाजू उघडण्याची वाट पाहतात. माणसासारखाच त्यांनाही विसर पडतो. त्यांना रागावून उपयोग नाही. रात्री एक लहान दिवा लावून ठेवावा, जेवणाची आणि फिरण्याची वेळ मोडू नये. दृष्टी गेलेल्या कुत्र्याच्या घरात पलंग-कपाटे हलवू नयेत, कारण घराचा नकाशा त्याने नाकाने आणि मिशांनी पाठ केलेला असतो. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावू नये. जवळच्या जमिनीवर पाय आपटावा, तो हादरा त्याला कळतो.

आपल्या हवेचाही विचार हवा. परभणीच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो, आणि म्हातारपणी ते बळही कमी पडते. त्याला उजाडण्यापूर्वी फिरवावे, दुपारी ओल्या गोणपाटाशेजारी गार फरशीवर निजू द्यावे. उलट डिसेंबर-जानेवारीत इथे एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा त्याच फरशीवर जाडशी गोधडी हवी, नाहीतर सांधे आखडतात.

आणि सण आहे म्हणून फराळाविषयी दोन शब्द. रव्याच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. कांदा घातलेला चिवडा आणि चॉकलेट हीही त्याला वर्ज्य. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, माणसाच्या सोबतीत ठेवावे.

गोळीचा मोह

जनावर कण्हते आहे हे पाहवत नाही, म्हणून घरातली गोळी देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. वेदनाशामक औषधांचे परिणाम किती दूरवर जातात, याचे एक विलक्षण उदाहरण आपल्याच देशात घडले. म्हाताऱ्या, लंगड्या गुरांना डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जात असे. अशी गुरे मेल्यावर त्यांच्या मांसावर पोसलेली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन पटापट मरू लागली, आणि पाहता पाहता आकाशातली गिधाडे दिसेनाशी झाली. शेवटी २००६ साली जनावरांसाठी या औषधाला बंदी करण्यात आली. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गिधाडांना निर्धोक ठरले आहे. सांगायचे एवढेच, की वेदना कमी करणे हे आपले कर्तव्य आहे, परंतु ती कशाने कमी करायची ते पशुवैद्याला ठरवू द्यावे.

शेवटचा निर्णय

कितीही निगा राखली तरी तो दिवस येतोच. कधी जनावर झोपेतच जाते आणि आपली सुटका करते. कधी मात्र आजार असा, की तो बरा होणार नाही आणि सुखाने मरूही देणार नाही. अशा वेळी पशुवैद्य विचारतात, "याला शांतपणे जाऊ द्यायचे का?" आधी गुंगीचे औषध, मग जास्त मात्रेचे इंजेक्शन. जनावराला बेशुद्धीनंतर काही कळत नाही. पण "हो" म्हणायचे कुणी?

इथे घराघरांत वाद होतात. एकाला ती हत्या वाटते, दुसऱ्याला दया. माझ्या मते प्रश्न विचारायचा तो जनावराच्या बाजूने. घरातल्या दिनदर्शिकेवर रोज रात्री एक खूण करावी. आज तो आपणहून जेवला का, आपणहून उठला का, आपल्याला पाहून शेपूट हलवली का, तर चांगला दिवस. नाहीतर वाईट. वाईट दिवसांच्या खुणा चांगल्यांपेक्षा अधिक होऊ लागल्या, की आपण त्याच्यासाठी थांबलो आहोत की स्वतःसाठी, हे मनाला विचारावे. आणि निर्णय झाल्यावर त्याला परक्या हातांत सोडून बाहेर जाऊ नये. त्याने आयुष्यभर आपल्या आवाजाची वाट पाहिलेली असते, शेवटीही तोच आवाज त्याच्या कानांवर पडावा.

म्हाताऱ्या कुत्र्याला गावाबाहेर गाडीतून सोडून येणारे लोकही आहेत, हे सांगताना शरम वाटते. उपासमार व तहान यांच्या तोंडी जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी घरातली मुले ते पाहत असतात. म्हातारे झाले की सोडून द्यायचे, हा धडा ती कुणाकुणाच्या बाबतीत गिरवतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सुतक नसलेले दुःख

कुत्रा गेला तर सुतक नाही, दहावे नाही, कचेरीत रजा नाही. शेजारी म्हणतात, "कुत्रेच होते ना, दुसरे आणा!" यात त्यांचा दुष्टपणा नसतो, त्यांना काय बोलावे ते सुचत नाही. पण ज्याच्या घरी पट्टा खुंटीला लटकतो आहे आणि पहाटे पाचला आपोआप जाग येते आहे, त्याला आपले दुःख चोरून सोसावे लागते.

ते चोरण्याचे कारण नाही, कारण आपल्या परंपरेने मुक्या जिवांना कधी परके मानलेले नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव महाराज नरसीचे. ती नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, तिथे लोक आजही हात जोडतात. आणि धर्मराजाने स्वर्गाच्या दारात जाऊन सांगितले, की हा कुत्रा आत येत नसेल तर मीही येत नाही. जे धर्मराजाला शोभले, ते आपल्याला हास्यास्पद का वाटावे?

तेव्हा प्रत्येक घराने आपली एक लहानशी रीत घालावी. शेत असेल तर बांधावर, विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात माती द्यावी. वर एखादे लिंबाचे रोप लावावे. मुंबईसारख्या शहरात जागेची अडचण आहे. तिथे २०२३ साली महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. इतर शहरांनीही तशी मागणी करायला हरकत नाही. दुसरे पिल्लू आणण्याची घाई करू नये. पहिल्याची जागा भरायला म्हणून आणलेल्या पिल्लावर तो अन्याय होतो.

आणि मुलांना खरे सांगावे. "तो झोपला" म्हटले तर लहान मूल झोपेलाच भिऊ लागते. "मामाच्या शेतावर पाठवला" म्हटले तर ते प्रत्येक सुट्टीत त्याला शोधते, आणि एक दिवस आपले खोटे उघडे पडते. "तो फार म्हातारा झाला होता, फार आजारी होता, आणि मेला. तो आता परत येणार नाही. आपल्याला त्याची आठवण येणार, रडू आले तर रडावे," एवढे सांगितले की पुरे. पुष्कळ मुलांना मरण पहिल्यांदा भेटते ते घरच्या कुत्र्या-मांजराच्या रूपाने. त्या वेळी आई-वडील कसे वागले, हे ती मोठेपणी, आपल्या आजी-आजोबांच्या उशाशी बसताना, आठवतात.

नेपाळात दिवाळीच्या दिवसांत तिहार साजरा होतो, त्यात एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे तसा दिवस नाही, पण वसुबारस आहे. यंदा गाईचा घास काढताना घरातल्या म्हाताऱ्या सोबत्यासाठीही एक मऊ घास काढून ठेवा. त्याला दात नसतील तर तो दुधात कुस्करून, आपल्या हाताने भरवा.