कॉल गेला कुठे?

लेखमाला : रोजच्या यंत्रांच्या आत – लेखांक ७

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा धंदा करणाऱ्याच्या फोनमध्ये दोन सिम असणं ही चैन नसते. एक नंबर जुना, बिलबुकावर छापलेला, हैदराबाद-विजयपूरच्या गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं जपलेला. दुसरा घरचा, बँकेला जोडलेला. अडचण अशी, की दोन सिमच्या साध्या फोनमध्ये रेडिओ एकच. एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसरं सिम तेवढा वेळ नेटवर्कच्या नजरेआड जातं. त्यावर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा नंबर लावतं. मग घरातला एखादा जाणकार भाचा कॉल सेटिंग उघडून दोन्हीकडून बंदोबस्त करून देतो : पहिलं सिम लागलं नाही तर कॉल दुसऱ्यावर, दुसरं लागलं नाही तर पहिल्यावर.

बंदोबस्त चोख आहे आणि दिवसभर छान चालतो. संध्याकाळी बॅटरी संपून फोन बंद पडतो, नेमका तेव्हाच हैदराबादहून कुणीतरी जुना नंबर लावतो. पहिलं सिम लागत नाही. सूचना आहे, दुसऱ्यावर पाठवा. दुसरं लागत नाही. सूचना आहे, पहिल्यावर पाठवा. दोन्ही सूचना मालकानंच दिलेल्या आहेत आणि नेटवर्क दोन्ही इमानदारीनं पाळतं आहे.

हा कॉल जन्मभर फिरत राहत नाही, कारण पुढे ढकलल्या जाणाऱ्या प्रत्येक कॉलसोबत एक मोजणी जाते. एकदा वळला, दोनदा वळला... मोबाइल नेटवर्कच्या मानकात ही मर्यादा जास्तीत जास्त पाच ठेवलेली आहे. मर्यादा भरली की कॉल तोडला जातो. गंमत अशी, की आपण गोल फिरतोय हे नेटवर्कला कळलेलंच नसतं. ते फक्त मोजत असतं. सहा कचेऱ्यांमधून सरळ, रीतसर, कुठेही गोल न फिरता वळत जाणारा कॉलही त्याच आकड्यावर तुटेल. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो. या सगळ्या विषयात असे ओबडधोबड उपायच जास्त भेटतात.

गेल्या आठवड्यात नेटवर्क आपला फोन कसा हुडकून काढतं ते पाहिलं. आज हुडकल्यानंतरचा घोळ. अभियंते याला 'फीचर इंटरॅक्शन' म्हणतात : दोन सोयी, सुट्या सुट्या तपासल्या तर निर्दोष, एकत्र आल्या की तिसरंच काहीतरी घडतं. घडलेलं कुणी ठरवलेलं नसतं, आणि दुरुस्ती नक्की कुणी करायची हेही ठरलेलं नसतं.

हा त्रास जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फारसा नव्हता. रिले आणि तारांच्या यंत्रात नवी सोय घालायची म्हणजे नवी जोडणी करायची, पैसा ओतायचा. त्यामुळे सोयी मोजक्याच. १९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सकासना गावी बेल कंपनीनं साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केलं. तिथून सोय म्हणजे प्रोग्रॅमच्या चार जादा ओळी झाल्या. आपल्याकडे १९८४ साली सी-डॉट या दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९८६ मध्ये त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. कॉल वेटिंग, कॉल फॉरवर्डिंग, गुप्त आकड्यानं एसटीडीला कुलूप, तिघांचं एकत्र बोलणं अशा सोयी मग हळूहळू आपल्याही घरात आल्या.

सोयी वाढतात बेरजेनं, त्यांच्या जोड्या मात्र फार वेगानं फुगतात. दहा सोयी असतील तर जोड्या ४५. शंभर असतील तर ४,९५०. आणि तीन-तीनचे गट मोजले तर १,६१,७००. मोठ्या एक्स्चेंजमध्ये सोयी शेकड्यांनी असत. प्रत्येक गट कोण तपासणार?

एक ठळक गाठ पडली ती कॉल वेटिंग आणि 'बिझी असेल तर फॉरवर्ड' या दोघींची. तुम्ही बोलताय आणि दुसरा कॉल आला. पहिली सोय म्हणते, कानात बीप वाजवा. दुसरी म्हणते, माणूस बिझी आहे, कॉल पुढे पाठवा. दोघींचं म्हणणं बरोबर आहे. मोबाइलच्या मानकानं यावर दिलेला निकाल मला आवडतो. वेटिंग चालू असेल तर आधी बीप. तुम्ही लाल बटण दाबून नाकारलंत तर ते 'बिझी' धरायचं आणि बिझीसाठी दिलेल्या नंबरावर पाठवायचं. तुम्ही नुसतं दुर्लक्ष करून वाजू दिलंत तर ते 'उत्तर नाही' धरायचं, आणि त्यासाठी वेगळा नंबर दिला असेल तर तिकडे. फोनच्या कॉल फॉरवर्डिंगच्या पानावर चार ओळी असतात : नेहमी, बिझी असताना, उत्तर न दिल्यास, संपर्क नसताना. मधल्या दोन ओळींत दोन वेगळे नंबर टाकून बघा. दुसऱ्या कॉलला कापणं आणि वाजू देणं या दोन्हींचा शेवट दोन वेगळ्या माणसांकडे होतो. ही तुमच्या बोटाची करामत आहे, पण कुणीतरी टेबलाशी बसून ती ठरवली म्हणून झाली.

मानक लिहिणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. मोबाइलच्या प्रत्येक पुरवणी सेवेच्या दस्तऐवजात 'इतर सेवांशी संबंध' असं एक प्रकरणच असतं. नवी सेवा आणायची तर आधीच्या प्रत्येकीशी तिचं कसं जमेल ते लिहून द्यायचं. वाचायला ही प्रकरणं अतिशय कंटाळवाणी आहेत आणि सगळ्या दस्तऐवजात सगळ्यात मोलाची तीच.

१९९२ साली फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला या एका विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. पाठोपाठ बेलकोर या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या लोकांनी अशा टकरींची वर्गवारीच करून ठेवली. त्या काळातलं एक नमुनेदार कोडं आपल्या भाषेत सांगतो. घरच्या फोनवरून अमुक एका नंबराला कॉल जाऊ नये अशी बंदी वडिलांनी घातली. मुलानं मित्राला फोन लावला आणि मित्राचा फोन नेमका त्याच बंदीच्या नंबरावर फॉरवर्ड केलेला निघाला. कॉल जाऊ द्यायचा की नाही? बंदी बिलाच्या भीतीनं घातली असेल तर जाऊ द्या, पुढच्या टप्प्याचे पैसे मित्राला पडतील. बंदी त्या माणसाशी बोलणंच नको म्हणून असेल तर अडवा. यंत्राला नुसता आकडा दिसतो, वडिलांच्या मनातलं कारण दिसत नाही. प्रोग्रॅम कितीही हुशारीनं लिहा, त्यातून हे कारण बाहेर येणार नाही.

यावरचा सगळ्यात देखणा उपाय एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतल्या पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडला. (हे जॅक्सन ब्रिटिश संगणकतज्ज्ञ; नाचणारे नव्हेत.) त्यांची कल्पना अशी : प्रत्येक सोय ही एक बंद पेटी. कॉल एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा रांगेनं जातो. पेटीला शेजारची पेटी काय करते हे ठाऊक नसतं. ती आलेला कॉल तसाच सोडते, अडवते किंवा वळवते. सोय लिहिणारा फक्त आपली पेटी लिहितो. कोणती पेटी आधी आणि कोणती नंतर, एवढाच निर्णय वेगळा, उघड आणि एका जागी घ्यायचा. भांडण संपत नाही, पण त्याचा निवाडा कुठे होतो ते तरी कळतं.

रांगेनं किती फरक पडतो ते आपल्याच फोनवर दिसतं. एखाद्या छळवादी नंबराला तुम्ही ब्लॉक केलंत. ब्लॉकची यादी बहुतेक वेळा तुमच्या फोनमध्ये असते. फॉरवर्डिंगची सूचना मात्र नेटवर्ककडे. म्हणजे रांगेत नेटवर्क आधी. 'नेहमी फॉरवर्ड' चालू असेल तर कॉल तुमच्या फोनपर्यंत येतच नाही, ब्लॉकच्या यादीला कुणी विचारतच नाही, आणि छळवादी थेट दुसऱ्या नंबरावर पोचतो. 'बिझी असताना फॉरवर्ड' असेल तर त्याहून मजा. बरेच फोन ब्लॉक केलेला कॉल तुमच्या वतीनं गुपचूप कापतात. कापला म्हणजे बिझी, बिझी म्हणजे फॉरवर्ड. तुम्ही निवांत, आणि चाटी गल्लीतल्या दुकानात बसलेला भाऊ त्या माणसाशी हुज्जत घालतोय. तक्रार कुणाकडे करणार? हँडसेटवाला म्हणेल, मी ब्लॉक केला. नेटवर्कवाला म्हणेल, मी सांगितलं तसं पाठवला.

हीच बेवारशी जागा चोरांनी बरोबर हेरली. कंपनीतून बोलतोय असं सांगून फोन येतो : तुमच्या सिमला धोका आहे, किंवा पार्सल अडकलंय; *४०१* आणि पुढे हा दहा आकडी नंबर डायल करा. माणूस डायल करतो. ना लिंक उघडली, ना ओटीपी सांगितला, त्यामुळे आपण सावध वागलो असंच त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचे सगळे येणारे कॉल आता चोराच्या नंबरावर वळलेले असतात. चोर आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून तुमचा नंबर टाकतो. पडताळणीचा एसएमएस तुमच्याकडेच येतो, कारण फॉरवर्डिंग फक्त कॉलला लागू आहे. म्हणून चोर थांबतो, आणि 'मला कॉल करा' हा पर्याय आला की तो निवडतो. पडताळणीचा कॉल तुमच्या नंबरावर लागतो आणि नेटवर्क तो प्रामाणिकपणे चोराच्या कानापर्यंत नेतं.

यात कुठलीही यंत्रणा फोडलेली नाही. फॉरवर्डिंग ज्या काळात जन्मलं तेव्हा नंबर म्हणजे जागा होती. माणूस जागेवर नसेल तर कॉल त्याच्यामागे जावा हीच तर सोय होती. कॉलवरून ओटीपी सांगण्याची सोय जन्मली तेव्हा नंबर म्हणजे माणूस झाला होता. नंबरावर जो बोलतो तो मालक, असं तिनं गृहीत धरलं. दोन गृहीतकं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. लिहिलेल्या गोष्टींची टक्कर तपासणीत सापडते. गृहीत धरलेल्यांची सापडत नाही.

दूरसंचार विभागानं २८ मार्च २०२४ रोजी आदेश काढला आणि १५ एप्रिलपासून असे कोड डायल करून होणारं कॉल फॉरवर्डिंग पुढील सूचनेपर्यंत बंद केलं. ज्यांना फॉरवर्डिंग हवं त्यांनी दुसऱ्या मार्गानं ते पुन्हा सुरू करून घ्यायचं. दोन सोयींचं जमत नाही म्हटल्यावर एकीला घराबाहेर काढणं, असा हा उपाय. कीपॅडच्या फोनवर कोडनंच काम भागवणाऱ्या, सेटिंगच्या पानांशी ओळख नसलेल्या लोकांची त्यात अडचण झाली असणार. तरीही तो आदेश मला योग्य वाटतो. जी सोय मोजक्यांना लागते आणि जिच्यामुळे कुणाचंही खातं जाऊ शकतं, तिच्या दाराला जरा जड कडी असलेली बरी.

असा निवाडा कधी फोनच्या आतच होतो. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं तरी आयफोनवर त्याच नंबराचा दुसरा कॉल तीन मिनिटांत आला तर वाजू देण्याची सोय आहे; अँड्रॉइडवर हीच मुदत १५ मिनिटांची. हॉस्पिटलमधून करणारा लागोपाठ दोनदा करतो म्हणून ही फट ठेवली. कर्जवसुलीवालाही लागोपाठ दोनदाच करतो. तिथे आपण हे चालवून घेतो. बटणांचं जरा कठीण होतं. भारतात १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलला पॅनिक बटण सक्तीचं झालं. स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबायचं असं ठरलं. पुष्कळ फोनवर तेच बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. पुढे अँड्रॉइडमध्ये पाचदा दाबल्यावर आणीबाणीचा कॉल जाण्याची सोय आली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या पोलिसांकडे खिशातल्या खिशात लागलेल्या कॉलचा पूर आला.

हे सगळं बड्या कंपन्यांचं दुखणं आहे असं समजू नये. समजा, आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आहे. हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर देय तारीख पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची, ही एक सोय. उशीर झाला तर रोजानं दंड लावायचा, ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पोरांनी लिहिल्या. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची स्थानिक सुट्टी कुणीतरी सिस्टिममध्ये टाकली. पावतीवर पुढची तारीख आली, दंडाचा हिशोब मात्र मूळ तारखेपासूनच चालू राहिला. खातेदार काउंटरवर येऊन विचारतो, 'का बे, सुट्टी तुमची अन् दंड माझ्यावर?' रक्कम किरकोळ असते, आणि म्हणूनच अशी चूक चारचार वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे ४,९५० जोड्या तपासत बसायची गरज नाही. कोणत्या सोयी एकाच वस्तूला हात लावतात तेवढ्या शोधायच्या. सुट्टीची सोय तारीख बदलते, दंडाची सोय तारीख वाचते : झाली जोडी. छपाईचा फाँट बदलण्याची सोय या दोघींच्या वाटेला जात नाही, तिला सोडा. यादी झपाट्यानं आटते. उरलेल्या प्रत्येक जोडीसमोर 'आधी कोण?' याचं उत्तर लिहायचं, आणि हे उत्तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं द्यायचं नाही. संस्थेच्या मॅनेजरकडून घ्यायचं. सुट्टीच्या काळात दंड माफ की नाही हा कोडचा प्रश्नच नाही. ई-मेलच्या जगात असा नियम फार पूर्वी लिहावा लागला. रजेवर गेलेल्या दोघांची आपोआप जाणारी उत्तरं एकमेकांना उत्तरं देत सुटू नयेत, म्हणून २००४ च्या मानकानं अशा पत्रावर 'हे यंत्रानं पाठवलंय' अशी खूण करायला सांगितलं; खूण दिसली की समोरच्या यंत्रानं उत्तर द्यायचं नाही.

पुढच्या आठवड्यात फोन बाजूला ठेवून विजेकडे वळू. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलं गेलं. त्याच्या दीड वर्ष आधी, ३० जुलै २०१२ ला, बिना–ग्वाल्हेर वाहिनीवरच्या संरक्षक रिलेनं जादा भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली होती आणि जवळपास सगळा उत्तर भारत अंधारात गेला होता. रिले बिघडलेला नव्हता.