‘येथे’ म्हणजे कोठे? : आभासी सहवास आणि मराठीतील निर्देश

प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात की, ते कोणी, कोठे व केव्हा उच्चारले हे ठाऊक असल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही. ‘मी’, ‘येथे’, ‘हा’, ‘आता’ हे असे शब्द होत. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषासिद्धान्तविषयक ग्रंथात या शब्दांचा विचार ‘निर्देशक्षेत्र’ या कल्पनेच्या आधारे केला. बोलणाऱ्याचे ‘मी, येथे, आता’ हे त्या क्षेत्राचे केंद्र होय. डोळ्यांसमोरील वस्तूकडे केलेला निर्देश आणि केवळ कल्पनेतील वस्तूकडे केलेला निर्देश, असा भेदही त्याने केला. आभासी तंत्रांमुळे माणसामाणसांतील व्यवहारात कोणता पालट होत आहे, हे समजून घेण्यास हा भेद फार उपयोगी पडतो.

वर्धा शहरालगतच्या बोरगाव मेघे येथील एखादे कुटुंब उदाहरणादाखल घ्यावे. नातू नोकरीनिमित्त पुण्यास आहे, आजी गावी आहे. साध्या दूरध्वनीवर दोघांचे ‘येथे’ निरनिराळे असल्याची जाणीव दोघांनाही असते. ‘तुझ्याकडे पाऊस आहे का?’ हा प्रश्न त्या वेगळेपणाची कबुलीच होय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर चित्रसंभाषण घरोघरी रुळले आणि ही जाणीव डळमळू लागली. आजी पडद्यावर बोट टेकवून ‘ते मांगं काय ठेवलं रे?’ असे विचारते. तिच्या दृष्टीने वस्तू समोर आहे, म्हणून निर्देश पुरा झाला आहे. नातवाला मात्र केवळ जवळ आलेले बोट दिसते, ते कशाकडे वळले आहे हे कळत नाही. दृष्टी एकत्र आली, पण स्थळ एकत्र आले नाही.

ही उणीव भाषा आपल्या परीने भरून काढते. पूर्वी संभाषणाचा आरंभ क्षेमकुशलाने होई. आता त्याआधी ‘आवाज येऊन राहिला का?’ हा प्रश्न येतो. निरोपाचेही तसेच. घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, कारण त्या शब्दात परतण्याचे आश्वासन असते. दूरध्वनीवर ‘ठेवतो’ हे क्रियापद रूढ झाले आणि खाली ठेवावयाचा रिसीव्हर नाहीसा झाल्यावरही ते टिकले. चित्रसभेतून बाहेर पडताना ‘ठेवतो’ की ‘निघतो’, याविषयी बोलणारा घुटमळतो. ज्या जागी आलोच नव्हतो तेथून निघावयाचे कसे, असा हा पेच आहे.

स्थळाप्रमाणेच काळाचाही प्रश्न आहे. प्रश्न व उत्तर यांमधील विरामाची दहा भाषांत तुलना करणारे एक संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भाषांत मराठी नव्हती. तथापि सर्व भाषा मिळून सरासरी विराम सुमारे २०० मिलिसेकंदांचा आढळला. जालावरून आवाज पोहोचण्यास यासारखाच विलंब लागला, तर श्रोता त्याला वक्त्याचे मौन समजतो. मग दोघे एकदम बोलू लागतात आणि ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ असा क्रम सुरू होतो. यंत्राचा विलंब अशा रीतीने माणसाचा संकोच किंवा अनास्था वाटू लागतो.

शिरस्त्राणासारख्या आभासी वास्तवाच्या उपकरणात निर्देशाची अडचण बरीचशी दूर होते. आयव्हन सदरलँड याने १९६८ मध्ये डोक्यावर धारण करावयाचे दर्शनयंत्र सादर केले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करावयाचा आणि मान वळताच चित्रही त्यानुसार बदलावयाचे. दोन व्यक्ती अशा एकाच कल्पित खोलीत शिरल्या म्हणजे ‘हा’ आणि ‘तो’ हे शब्द पुन्हा समर्थ होतात, कारण बोट कोणत्या वस्तूकडे वळले हे दोघांनाही दिसते. ब्यूलरने कल्पनेत ठेवलेला निर्देश येथे डोळ्यांसमोर येतो.

परंतु याचे मोल कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणताना श्रोता वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. मोबाईलच्या पडद्याभोवती घरातील चार माणसे गोळा होऊ शकतात. वाटेने जाणारी शेजारीणही डोकावून दोन शब्द बोलते. तेथील ‘आपण’ सैल व विस्तारणारे असते. सर्वसाधारण शिरस्त्राण एका वेळी एकालाच घालता येते. ते घालून ‘आपण येथे बसू’ असे म्हणणाऱ्याचे ‘आपण’ दूरच्या व्यक्तीला जवळ घेते आणि शेजारी बसलेल्या आजीला ‘आम्ही’च्या पलीकडे ढकलते.

तेव्हा आभासी तंत्र माणसांना जोडते की तोडते, असा ढोबळ प्रश्न अपुरा आहे. ते ‘येथे’ या शब्दाची हद्द नव्याने आखते. त्या हद्दीत कोण येतो व कोण बाहेर राहतो, हे सर्वनामे, स्थलवाचक अव्यये आणि ‘ये’, ‘जा’ ही क्रियापदे यांच्या प्रत्यक्ष वापरावरून तपासता येईल. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांतील अशी संभाषणे, बोलणाऱ्यांच्या संमतीने, नोंदविली गेल्यास या अभ्यासाला भक्कम आधार मिळेल. त्या नोंदीत यंत्राच्या दोन टोकांना असलेल्या व्यक्तींचे बोलणे तर असावेच. पण त्याच खोलीत बसून काहीही न बोललेल्या व्यक्तीचीही नोंद असावी.